नेल्सन, ‘स्नायपर’ आणि ‘रेदुताब्ल’

इंग्रज आणि फ्रेंच-स्पॅनिश आरमारांमधल्या ट्रफाल्गरच्या लढाईबद्दल एक मजकूर सारखा फॉरवर्ड होत असतो. फ्रेंच म्हणे लढलेच नाहीत. इंग्रज अ‍ॅडमिरल नेल्सन पदकं लावून भरजरी गणवेशात आपल्या ‘व्हिक्टरी’ जहाजाच्या डेकवर उभा राहिला आणि ‘रेदुताब्ल’ या फ्रेंच जहाजावरच्या एका स्नायपरनं त्याला हेरून टिपलं. गोळी ‘रेदुताब्ल’वरून आली, एवढंच यातलं खरं.

भरजरी गणवेश नव्हताच. २१ ऑक्टोबर १८०५ रोजी नेल्सनच्या अंगात रोजचा कोट होता. त्यावरची चार सन्मानचिन्हं भरतकामाची, कायमची शिवलेली. तो कोट ग्रिनिचच्या संग्रहालयात आहे. डाव्या खांद्याजवळ गोळीचं भोक दिसतं.

स्नायपरचं म्हणाल, तर गोळी सुटली मागच्या डोलकाठीवरच्या मचाणावरून, जेमतेम १५ मीटरवरून. बंदुका गुळगुळीत नळीच्या, म्हणजे नेम नीट न लागणाऱ्या, दोन्ही जहाजं एकमेकांना भिडून हेलकावताहेत, सगळीकडे धूर. ‘व्हिक्टरी’च्या डेकवर गोळ्यांचा पाऊसच पडत होता आणि नेल्सनच्या आसपास माणसं पटापट कोसळत होती. अशात एकालाच हेरून टिपणं कठीणच.

आता ‘लढलेच नाहीत’. याचा मला खरोखर राग येतो. फ्रेंच अ‍ॅडमिरल दुमान्वारची आघाडीची जहाजं उशिरा वळली, हे कबूल. पण ‘रेदुताब्ल’चा कप्तान ल्युका? इंग्रजांच्या नाकेबंदीमुळे समुद्रावर तोफांचा सराव होईना, तेव्हा त्यानं खलाशांना बंदुका, हातबाँब आणि शत्रूच्या जहाजावर चढून लढण्याचं शिक्षण दिलं. बाँब ठेवायला कापडी पिशव्यासुद्धा शिवून घेतल्या. ७४ तोफांचं हे जहाज शंभर तोफांच्या ‘व्हिक्टरी’ला भिडलं आणि ‘व्हिक्टरी’चा वरचा डेक त्यानं जवळपास मोकळा केला. ल्युकाची माणसं ‘व्हिक्टरी’वर चढायला सज्ज झाली, तेवढ्यात दुसऱ्या बाजूनं ‘टेमेरेअर’ या इंग्रज जहाजानं तोफा डागल्या. ल्युकाच्या अहवालानुसार त्या एका माऱ्यात २०० हून अधिक माणसं पडली. तरी लढाई चालूच राहिली. त्याच अहवालात शेवटचा हिशेब आहे: ६४३ पैकी ३०० ठार, २२२ जखमी. जहाज बुडायला लागलं, तेव्हाच ल्युकानं निशाण उतरवून शरणागती पत्करली.

दुसऱ्या दिवशी ‘स्विफ्टशुअर’ हे इंग्रज जहाज ओढून नेत असताना ‘रेदुताब्ल’ बुडालं आणि बरेच जखमी त्याच्याबरोबर गेले. ल्युका कैदेतून सुटून परतला, तेव्हा १८०६ मध्ये नेपोलियननं त्याला लेजियन ऑफ ऑनर या फ्रान्सच्या मोठ्या सन्मानाचा कमांडर केलं. हरलेल्या लढाईतल्या, जहाज गमावलेल्या कप्तानाला.