ज्यानं पैसे घेतले, त्यालाही विचारा

इंदूरला भाच्यानं हौसेनं घेतलेलं स्विस घड्याळ वर्षाच्या आत बंद पडलं आणि घरात दोन तट पडले. घड्याळ अस्सल आहे, पण ज्या दुकानातून ते स्वस्तात मिळालं ते कंपनीचं अधिकृत दुकान नाही. वॉरंटी कार्डावर अधिकृत विक्रेत्याचा शिक्का नाही म्हणून सर्व्हिस सेंटरनं ते परत पाठवलं. वडीलधारे म्हणतात, स्वस्ताईचा मोह नडला, आता भोगा. तरुण मंडळी म्हणतात, माल कंपनीचाच आहे, मग कंपनीनं हात का झटकावेत? स्टुटगार्टहून फोनवर दोन्ही बाजू ऐकताना मला एकच खटकतं: दुकानदाराचं नाव कुणीच घेत नाही.

कंपनीची वॉरंटी ही तिनं आपणहून दिलेली हमी असते आणि तिच्या अटी तीच ठरवते. रोलेक्स २०१५ पासून आणि ओमेगा २०१८ पासून पाच वर्षांची हमी देते, पण ती अधिकृत विक्रेत्याकडच्या खरेदीपासून सुरू होते. जर्मनीतही तसंच. अनधिकृत विक्रेते इथेही भरपूर आहेत. त्यांच्याकडचा माल बहुतेकदा चोरीचा नसतो. अधिकृत दुकानात न खपलेली घड्याळं सवलतीत बाहेर पडतात, किंवा एका देशातली दुसऱ्या देशात जातात. कोणत्या दुकानातून माल फुटला ते कंपनीला कळू नये म्हणून कधी कधी सीरियल नंबरही खरवडलेला असतो. असं घड्याळ मी कितीही स्वस्त मिळालं तरी घेणार नाही.

फरक आहे तो पुढे. युरोपीय संघाच्या कायद्यानं नव्या मालातल्या दोषाला विक्रेता किमान दोन वर्षं जबाबदार असतो, मग तो अधिकृत असो वा नसो. पहिल्या वर्षात दोष दिसला तर तो आधीपासूनच होता असं धरलं जातं; तसं नव्हतं हे विक्रेत्यानं सिद्ध करायचं. त्यामुळे इथला ग्राहक पहिल्यांदा दुकानात जातो. याला मर्यादाही आहेत. घड्याळ आपटलं, पाण्यानं खराब झालं तर हा कायदा कामाचा नाही, आणि विक्रेता हाँगकाँगला बसलेला असेल तर हक्क कागदावरच राहतो. इथली माणसं अधिक सचोटीची आहेत असंही मला वाटत नाही. दुकानदाराला पळवाट कमी आहे, एवढंच.

पण आपल्याकडे काहीच नाही, हे मला मान्य नाही. सॅमसंगच्या प्रिंटरच्या खटल्यात २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठानं असा परस्पर आयात केलेला अस्सल माल विकायला परवानगी दिली, पण एक अट घातली: हा माल बाहेरून आणलेला आहे, कंपनीची वॉरंटी याला नाही, वॉरंटी आणि विक्रीनंतरची सेवा आम्ही स्वतः देऊ, असं दुकानात ठळक लावायचं. वडीलधाऱ्यांना आणि तरुणांना, दोघांनाही हे उत्तर आहे. इंदूरच्या घड्याळाच्या दुकानांत अशी पाटी दिसावी, असा आग्रह आपण का धरत नाही?

खरी अडचण बिलाची आहे. घड्याळावर १८ टक्के जीएसटी आहे. तो वाचवायला ग्राहकही कच्च्या पर्चीवर राजी होतो आणि तिथेच त्याचा मुख्य पुरावा जातो. वास्तविक बिल न देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापार प्रथा आहे. याबाबत मी घरच्यांशी वाद घालतो आणि घालत राहीन: सूट घ्या, पण पक्कं बिल घ्या, त्यावर घड्याळाचा नंबर आणि ‘दुकानाची वॉरंटी अमुक महिने’ हे लिहून घ्या. लिहून द्यायला तयार नसेल त्या दुकानातून बाहेर पडा.

भाच्याचं नशीब, त्यानं पैसे बँकेतून दिले होते, त्याची नोंद आहे. कंपनीला आणखी ईमेल लिहिण्यापेक्षा त्यानं आधी दुकानदाराला लेखी नोटीस द्यावी. दाद मिळाली नाही तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी लागत नाही, वकील सक्तीचा नाही, फक्त दोन वर्षांच्या आत जायला हवं.