हिरव्या काचेचं करायचं काय?

काच कितीही वेळा वितळवून पुन्हा वापरता येते, असं काचेच्या पुनर्वापरावरच्या एका लेखात वाचलं. खरं आहे, पण रंगाचा घोळ लेखकाने सोडूनच दिला. ब्रिटनचंच बघा. वाइन बाहेरून येते ती बरीचशी हिरव्या बाटल्यांतून, आणि स्कॉच बाहेर जाते ती बहुतांशी पांढऱ्या, म्हणजे बिनरंगी बाटल्यांतून. म्हणजे हिरवी काच देशात साचत राहते आणि पांढरी जहाजात बसून निघून जाते!

हिरवा रंग क्रोमियमचा. तो वितळलेल्या काचेतून काढता येत नाही. पांढऱ्या मालात हिरवे तुकडे थोडे जरी जास्त गेले, तरी बाटलीला झाक येते आणि गिऱ्हाईक नाक मुरडतं. हिरव्या भट्टीत मात्र भंगार काच 80-90 टक्क्यांपर्यंत खपते, थोडी तपकिरी-पांढरी मिसळली तरी चालून जातं. पण हिरव्या बाटलीला मागणीच कमी असेल तर भट्टी कुणासाठी पेटवायची? मग उरलेली काच दळून रस्त्याच्या खडीत जाते. भट्टीत घातलेल्या भंगार काचेच्या दर 10 टक्के चुऱ्यामागे भट्टीचं इंधन साधारण अडीच-तीन टक्के वाचतं, ती बचतही खडीबरोबर पुरली जाते.

त्यात सगळे रंग एकाच डब्यात गोळा करायचे. कॅमेरा आणि हवेचा झोत तुकडे निवडतात म्हणे, पण चुरा फार बारीक झाला की त्यांचंही काही चालत नाही. चिनी मातीच्या कपाची एक कपची त्यांच्या नजरेतून सुटली तरी ती वितळत नाही, बाटलीत खड्यासारखी दिसते.

आपल्याकडे बिअरची तपकिरी बाटली भंगारवाल्यामार्फत धुऊन पुन्हा भरली जाते. त्यावर लेखात एक ओळही का नाही?