कॅन्सरच्या पेशंटला पावडरचा डबा देण्याआधी

घरात कुणाला कॅन्सर निघाला की भेटायला येणाऱ्यांच्या हातात हल्ली फळांसोबत अमिनो ॲसिडच्या, म्हणजे प्रोटीन ज्यांचं बनतं त्या घटकांच्या, पावडरचा डबाही असतो. ‘इम्युनिटी वाढते, केमो सोसवते.’ माणसं मायेनेच आणतात. तरी हात जोडून सांगते, डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो डबा उघडू नका.

डब्यावरचा दावा सगळाच हवेतला नाही, म्हणून तर तो पटतो. आर्जिनिन हे अमिनो ॲसिड आपल्या टी पेशींना, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना, खरंच लागतं. २०१६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बेलिंझोनाच्या संशोधकांनी दाखवलं की भरपूर आर्जिनिन मिळालेल्या टी पेशी जास्त तगतात आणि उंदरांमधल्या ट्यूमरशी जास्त जोमाने लढतात. पण हे उंदरांमध्ये! आणि जाहिरात नेमकी इथेच थांबते.

कॅन्सरच्या पेशीही त्याच रक्तावर पोसतात. १९५३ मध्ये अमेरिकेत जॉन किड यांना दिसलं की गिनिपिगचं सीरम (रक्तातला पातळ द्रव) टोचल्यावर उंदरांच्या लिम्फोमाच्या, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कॅन्सरच्या, गाठी विरघळतात. कारण पुढे सापडलं : त्या सीरममधलं ॲस्परॅजिनेज हे एन्झाइम ॲस्परॅजिन नावाचं अमिनो ॲसिड तोडतं. आपल्या बहुतेक पेशी ते स्वतः बनवून घेतात, ल्युकेमियाच्या पेशींना मात्र ते पुरेसं जमत नाही आणि त्या उपाशी मरतात. आज लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर हे औषध जगभर देतात. एक अमिनो ॲसिड रक्तातून काढून घेणं हाच तिथे उपचार आहे. मग दुसरं एखादं आपल्या मनाने ओतायचं कशाच्या भरवशावर?

ग्लुटामिन या अमिनो ॲसिडचंही तेच. २०१३ मध्ये एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. आयसीयूतल्या, अनेक अवयव निकामी होत चाललेल्या १२०० हून अधिक रुग्णांची ती चाचणी होती. ज्यांना ग्लुटामिन दिलं, त्यांच्यात सहा महिन्यांतले मृत्यू जास्त निघाले. ते कॅन्सरचे म्हणून निवडलेले पेशंट नव्हते, पण ‘दिलं तर बिघडतं काय?’ याचं उत्तर त्यात आहे.

हे वाचून कुणी पेशंटचं वरण-अंडी बंद करू नये, ही माझी त्याहून मोठी काळजी आहे. ‘कॅन्सरला उपाशी मारा’ म्हणणाऱ्यांचं ऐकून माणूसच खंगतो. युरोपातल्या मार्गदर्शक सूचनांनुसार कॅन्सरच्या पेशंटला वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते १.५ ग्रॅम प्रोटीन हवं. पन्नास किलोच्या बाईला ५० ते ७५ ग्रॅम. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हिशेब वेगळा. अंडी, दही, मुगाचं वरण, पनीर, मासे, जे उतरेल ते थोडं थोडं द्या. गिळताच येत नसेल आणि डायटिशियनने स्वतः पावडर लिहून दिली, तर ती जरूर घ्या.

आणि घरात डबा आलाच असेल तर लपवू नका. पुढच्या ओपीडीला सोबत न्या, मागचं लेबल डॉक्टरांना दाखवा, आणि काय, किती, कधीपासून चालू आहे ते फाइलमध्ये लिहून घ्यायला सांगा.