कपडेवालीला दिलं का बक्षीस?

आमच्या घरात चार माणसं टीव्ही बघतात आणि पाचवा मी, त्या चौघांना बघतो. एरवी हे निभतं. पण चित्रपट पुरस्कारांचा सोहळा असला की संध्याकाळी सातला बसलेली बैठक अकराशिवाय मोडत नाही. ताटं मांडीवर येतात, पांढरा रस्सा गार होतो आणि भांडण तेवढं गरम राहतं.

जागा ठरलेल्या. दिवाणावर आई. खुर्चीत आप्पा, म्हणजे माझे चुलते. तरुणपणी तालमीत घुमलेले; गुडघ्यांनी आता राजीनामा दिलाय, पण चेमटलेले कान अजून ओळख सांगतात. बायको खाली बसून लसूण सोलते, कारण असल्या कार्यक्रमात हात रिकामे ठेवले तर आपल्याकडून रिमोट फेकला जाईल अशी तिला भीती वाटते. मुलगी भिंतीला टेकून फोनमध्ये. गेल्या खेपेला तिनंच सुरुवातीला सुरुंग लावला.

"बाबा, हे सगळं तीन आठवड्यांमागंच झालंय. कुणाला काय मिळालं सांगू काय?"

"गप बस!" आम्ही चौघं एका सुरात.

"बरं, मी गप बसतो. पण मला सगळं माहितेय." (आमच्याकडं पोरी स्वतःला असंच लावून बोलतात. व्याकरणाच्या मास्तरांनी कान झाकून घ्यावेत.)

आप्पांनी मान वळवली. "म्हंजे कुस्ती झाली. आता नुसती गदा वाटाय लागल्यात?"

"होय आप्पा."

"मग हलगी कशाला वाजवाय लागल्यात?"

ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. तसं बघायला गेलं तर ही परंपरा जुनीच. ऑस्करचा पहिला सोहळा १६ मे १९२९ ला हॉलिवूडच्या रूझवेल्ट हॉटेलात झाला, तेव्हाही निकाल तीन महिने आधी जाहीर झालेले होते. पुरस्कार वाटून व्हायला साधारण १५ मिनिटं लागली. आमच्या वाहिन्यांनी त्यातली पहिली गोष्ट जशीच्या तशी जपली आणि १५ मिनिटांचे चार तास केले.

हे चार तास कशानं भरतात? जाहिरातींनी भरतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. पडद्याच्या तळाला एक पट्टी सातपासून सरकत होती, ‘सर्वोत्कृष्ट अभिनेत्री, थोड्याच वेळात’. त्या थोड्या वेळात बायकोचा पाव किलो लसूण सोलून झाला आणि तिनं शेंगदाणे काढले. मधेच प्रायोजकांचे पुरस्कार. केसांच्या तेलवाल्यांचा वेगळा, सिमेंटवाल्यांचा वेगळा. सिमेंटचा पुरस्कार ‘भक्कम अभिनया’साठी होता, आणि खरं सांगतो, ज्याला मिळाला त्याचा चेहरा तीन तास हलला नव्हता.

पण त्या रात्रीची खरी कमाई वेगळीच. निवेदकानं एक विनोद केला. पहिल्या रांगेतला एक हिरो मांडीवर थाप मारून हसला. पाच मिनिटांनी दुसरा विनोद. तोच हिरो, तीच मांडी, तीच थाप. तिसऱ्या वेळी मात्र कळस झाला. हा गडी स्टेजवर घामाघूम होऊन नाचत होता आणि त्याच वेळी खाली पहिल्या रांगेत बसून स्वतःच्या नाचाला टाळ्याही देत होता. वर चमचमता अंगरखा, खाली काळा कोट.

"जुळा भाऊ असंल," आई म्हणाली.

"आज्जी, ते नंतर जोडतात गं. कापून चिकटवतात."

"कापलंय वाईट मग," आई म्हणाली. हा शेरा जाणकाराचा होता. आईनं चाळीस वर्षं ब्लाउज शिवलेत, अजून शिवते. कापण्या-जोडण्यातलं तिला कुणी शिकवू नये.

आप्पांचं दुखणं निराळं. त्यांची सगळी हयात कोल्हापूरच्या खासबागेत कुस्त्या बघण्यात गेली. ते मैदान शाहू महाराजांनी बांधून घेतलं, १९१२ ला खुलं झालं, आणि बांधलंय असं वाडग्यासारखं की कुठल्याही पायरीवर बसा, पाठ मातीला लागलेली दिसलीच पाहिजे. आप्पांना पुरस्कारातही पाठ लागलेली बघायची असते. ते म्हणतात, "जितलेल्याचं तोंड काय बघायचं? जितलेली सगळी एकसारखीच दिसत्यात. हरलेल्याकडं बघ. गडी कळतोय तिथं."

पडद्यावर चार चौकटी येतात, चौघांचे चेहरे. पाकीट फाडतात. एवढ्या दोन सेकंदांसाठी आप्पा खुर्चीच्या कडेला येतात. एकदा त्यांनी मला हाताला धरून दाखवलं होतं. "ही टाळी बघ. नाव पुरतं व्हायच्या आधी वाजली. ह्याला लई लागलंय." आणि खरंच, त्या माणसाच्या ओठांवर हसू आलं, दात दिसले, पण डोळे तिथं नव्हतेच, डोळे घरी जायचा रस्ता शोधत होते. चार तासांत बघण्यासारखं काय असतं, तर हेच. ज्याची कुणी तालीम घेतलेली नसते ते.

आणि आमच्याकडं नेमकं तेच कापतात! नाव जाहीर झालं रे झालं की तीन चौकटी पुसून टाकतात आणि जिंकलेला उठतो, शेजारच्याला मिठी मारतो, पायऱ्या चढतो, सगळं चार-चार कोनांतून. आप्पा खुर्चीत मागं सरकतात. "निकालाच्या वक्ताला वीज घालवल्यागत झालं," म्हणतात.

म्हणून मुलीनं एकदा त्यांना फोनवर २०१७ च्या ऑस्करचा शेवट दाखवला. सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून ‘ला ला लँड’चं नाव पुकारलं गेलं, सगळी मंडळी स्टेजवर चढली, आभारसुद्धा सुरू झाले, आणि मग कळलं की पाकीट चुकीचं आलंय, जिंकलाय ‘मूनलाइट’. हे कुणी सांगितलं? ‘ला ला लँड’च्याच एका निर्मात्यानं. माइकसमोर उभं राहून, बरोबर कार्ड सगळ्यांना दाखवत. आप्पांनी ते सहा वेळा बघितलं. सहाव्यांदा गुडघे विसरून उभे राहिले. "पंचानं हात ह्याचा वर केला आणि हा म्हणतोय, न्हाई, दुसऱ्याचा करा. ह्याला म्हणायचं पैलवान!"

२०२२ ला विल स्मिथ नावाच्या नटानं ऑस्करच्या स्टेजवर ख्रिस रॉकला मारलेली थोबाडीत दाखवली तेव्हा मात्र त्यांना राग आला. आखाड्याबाहेर हात उचलायचा नाही. पुढं काय झालं विचारलं. मुलीनं सांगितलं, ऑस्कर देणाऱ्या अकादमीनं स्मिथला १० वर्षं सोहळ्याला यायचं नाही म्हणून बजावलं.

"तालीम बरी दिसतीय," आप्पा म्हणाले.

भाषणांबद्दल काय बोलावं. १९४३ ला ग्रीअर गार्सन नावाची नटी ऑस्कर घेताना साडेपाच मिनिटांच्या आसपास बोलली, त्याची अजून आठवण काढतात. आणि १९९१ ला जो पेशी नावाचा नट दोन वाक्यांत आटपून खाली उतरला, त्याचीही काढतात. आमच्याकडं माणूस ‘मला शब्दच सुचत नाहीयेत’ म्हणून सुरुवात करतो आणि पुढं बराच वेळ ते सिद्ध करत राहतो. मायबाप रसिक, आई, गुरू, गुरूंचे गुरू, संगीतकार, गाडीचा ड्रायव्हर. कॅमेरा प्रेक्षकांत फिरतो आणि एखादी नटी चोरून जांभई देताना सापडते. तेवढीच आमची करमणूक. ती जांभई मात्र जोडणाऱ्यानं कापलेली नसते, हे त्याचे उपकार.

ह्या सगळ्यात आई एकच प्रश्न विचारते. साडेनऊला विचारते, दहाला विचारते.

"कपडेवालीला दिलं का बक्षीस?"

त्या रात्रीही विचारलं. मुलीनं जीभ चावली. "आज्जी, दिलं की. मघाशी नाही का, जाहिरातीच्या आधी ते फोटो गेले सरसर? ‘तांत्रिक पुरस्कार’ म्हणून? त्यात होती बघ. कॅमेरावाला, आवाजवाला, एडिटिंगवाला, त्यांच्या शेजारी."

"कोण होती?"

"ती... निळ्या साडीतली."

आईनं चष्मा काढून डबीत ठेवला. बाकी काही बोलली नाही.

मला इतका वेळ कशाचाच राग आला नव्हता, तिथं आला. सिमेंटच्या पुरस्काराला सात मिनिटं आणि ह्या माणसांना मिळून दहा सेकंद! आणि हे कोल्हापुरात बसून बघायचं? ज्या गावात बाबूराव पेंटरांनी परदेशी कॅमेरा मिळेना म्हणून स्वतः खटपट करून कॅमेरा बनवला, त्या गावात? आमच्याकडं खरी कॉर्नरला नटाचा पुतळा नाही, कॅमेऱ्याचा स्तंभ आहे. सुताराला, रंगाऱ्याला, शिंप्याला मान देऊनच इथं सिनेमा उभा राहिला.

आणि १९२९ तर ऐकाच. एप्रिलच्या २८ तारखेला कोल्हापुरात राजोपाध्यांच्या घरी मुलगी झाली, भानुमती. १६ मेला तिकडं ऑस्करचा पहिला सोहळा झाला. १ जूनला इकडं कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली. पाच आठवड्यांत हे सगळं. पुढं हीच भानुमती म्हणजे भानू अथैया १९८३ ला ‘गांधी’च्या वेशभूषेसाठी, जॉन मोलो यांच्या जोडीनं, ऑस्कर घेऊन आली. भारतातलं पहिलं ऑस्कर! नटाला नाही, दिग्दर्शकाला नाही. कपडेवालीला. तो सोहळा आमच्या वाहिनीनं जोडला असता तर भारताचं पहिलं ऑस्कर सरसर जाणाऱ्या फोटोंत, आवाजवाल्याच्या शेजारी, निघून गेलं असतं.

हे सगळं मी तावातावानं बोललो. बायको म्हणाली, "अहो, शेंगदाणे खा." आप्पांनी विचारलं, ती बाहुली आता कुठं असते. मी सांगितलं, भानूताईंना आपल्यामागं तिची नीट जपणूक होईल याची खात्री वाटेना, म्हणून २०१२ ला त्यांनी ती अकादमीकडंच परत सोपवली.

"आमच्या देव्हाऱ्यात ठिवली असती की," आप्पा म्हणाले.

मुलगी इतका वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आज्जी, तिकडं कपडेवाल्यांना पूर्ण वेळ देतात. लाइव्ह असतंय. पहाटे उठतीस काय?"

अशी ती ३ मार्च २०२५ ची सोमवारची पहाट आली. सोहळा आपल्याकडं साडेपाचला सुरू होणार होता. अशा वेळी कोल्हापुरात दोनच जातीची माणसं जागी असतात, तालमीत जाणारी आणि म्हशीची धार काढणारी. तिसरे आम्ही. आप्पा चारपासूनच अंघोळ करून तयार. टीव्ही लावला तर ती वाहिनी आमच्या पॅकमध्ये नाही, असं पडद्यावर अतिशय नम्र भाषेत लिहून आलं. शेवटी मुलीनं फोन काढला आणि तो उभा राहीना म्हणून आईच्या शिलाई मशीनवर, सुईच्या दांड्याला टेकवून ठेवला. पाच माणसं मशीनभोवती. आईला मशीनसमोरचं स्टूल, कारण ते तिचंच.

मधून मधून पडद्यावर गोल गोल चक्र फिरे. "पंच विचार कराय लागलेत," आप्पा म्हणत.

बाहेर उजाडायला लागलं आणि वेशभूषेची पाळी आली. मी सरसर जाणाऱ्या फोटोंची वाट बघत होतो. तर पाच नट-नट्या स्टेजवर आल्या आणि एकेकानं आपापल्या चित्रपटातले कपडे करणाऱ्या माणसाकडं बघून, त्याचं नाव घेऊन, त्याच्या कामाबद्दल सांगायला सुरुवात केली. खाली बसलेली ती माणसं ऐकत होती. कुणी मान खाली घातली, कुणाला हसू आवरेना.

"काय म्हणाय लागलीय ती?" आईनं विचारलं.

"आज्जी, ती सांगाय लागलीय की ह्यांनी कपडे असे केले म्हणून मला काम जमलं."

"एवढं स्टेजवरनं सांगितलं?"

"मग!"

‘विकेड’ चित्रपटाच्या पॉल टेझवेलना मिळालं. त्यांनी सांगितलं, वेशभूषेचा हा पुरस्कार मिळवणारा मी पहिला कृष्णवर्णीय पुरुष. अख्खं सभागृह उठून उभं राहिलं. मुलीनं आज्जीला अर्थ सांगितला. आई थोडा वेळ फोनकडं बघत राहिली.

आप्पा वाकून पडद्याला नाक लावून होते. "बाकीच्या चौघांची तोंडं दाखव की."

"आप्पाआजोबा, लाइव्ह आहे. मागं जात नाही ते."

"वहिनी, तुमी बघितली काय?"

"बघितली की भाऊजी. टाळ्या वाजवत होती."

"कशी वाजवत होती? नाव पुकारायच्या आधी का नंतर?"

"नंतर," आई म्हणाली. मग जरा थांबून, "त्या कडंच्या बाईनं जरा उशिरानंच वाजवली. पण नंतर मग लई वेळ वाजवली."

आप्पा समाधानानं मागं सरकले.

अजून बरेच पुरस्कार बाकी होते. सर्वोत्कृष्ट चित्रपट तर तीन तास पुढं. बायकोनं चहा आणला. पण आईनं सुईच्या दांड्याला टेकवलेला फोन उचलून मुलीच्या हातात दिला आणि मशीनवरचं कापड झटकलं.

"घेऊन जा आता हे तिकडं. दोन ब्लाउज द्यायचेत, बाई दहाला येणाराय."