खान्देशी माणसाला कपडे वाळवता येत नाहीत

राग येऊ द्या, पण खरं तेच आहे. आपल्याला कपडे वाळवता येत नाहीत, कारण आपल्यावर ते वाळवायची वेळच कधी आली नाही. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ ला टेकतो. गच्चीवर शेवटची चादर टाकेपर्यंत पहिला शर्ट कडक होऊन बसलेला असतो. वर्षातले आठ महिने ऊन हे काम फुकटात करून देतं, त्यामुळे यातही काही कसब लागतं हे आपल्या गावीच नाही. कोकणातल्या माणसाला विचारा. त्याच्याकडे पडवीत आढ्याखाली दांड्या बांधलेल्या असतात, कोणता कपडा कुठे टाकायचा हे ठरलेलं असतं. आपण मात्र जुलैची झड लागली की बेडरूममध्ये या खिडकीपासून त्या कपाटापर्यंत नायलॉनची दोरी ताणतो, तिच्यावर अख्खं धुणं कोंबतो, पाऊस आत येतो म्हणून खिडक्या लावून घेतो आणि वर पंखा पाचवर सोडतो. दुसऱ्या दिवशी सगळ्याला कुबट वास. मग दुकानात जाऊन निळ्या-गुलाबी बाटलीतलं सुगंधी पाणी आणतो. आता कुबट अधिक गुलाब असा वास येतो, जो नुसत्या कुबटपेक्षा वाईट असतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की हा वास बाटलीने जाणार नाही. त्याला वारा लागतो, आणि वाऱ्याला आत येण्याइतकीच बाहेर जायलाही वाट लागते.

थोडा हिशेब करू. दहा बाय बाराची, दहा फूट उंच खोली म्हणजे साधारण ३४ घनमीटर हवा. ३० अंश तापमानाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅम पाणी वाफ होऊन राहू शकतं. झडीच्या दिवसांत आर्द्रता ९० टक्के असली तर त्यातली २७ ग्रॅम जागा आधीच भरलेली. उरली तीन ग्रॅमची. म्हणजे बंद खोलीतली सगळी हवा मिळून फार तर शंभर ग्रॅम पाणी पिणार, अर्धा पेला. आणि मशीनने पिळून दिलेल्या एका मोठ्या धुण्यात दोन-अडीच लिटर पाणी सहज असतं. ते जाणार कुठे? पंखा तीच भरलेली हवा गरगर फिरवत बसतो. मे महिन्यात ४२ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असते, तेव्हा हीच खोली दीड लिटर पाणी बसल्या जागी गिळते. आपल्या सगळ्या सवयी त्या मे महिन्याच्या आहेत.

वास येतो तो ओलाव्याचा नाही, ओलाव्यात वाढणाऱ्या जिवाणूंचा. २०१२ साली जपानी संशोधकांनी घरात वाळवलेल्या कपड्यांच्या वासामागचा मुख्य जिवाणू शोधून काढला, मोराक्सेला ओस्लोएन्सिस. कपड्यात राहिलेला घाम आणि तेलकटपणा खाऊन तो वासाचं आम्ल सोडतो. हा बेटा वाळवणीतही तग धरतो. म्हणून कोरडा टॉवेल नाकाला लावला तर काही कळत नाही, आणि ओलं तोंड पुसलं की भपकारा येतो. शाळेचा गणवेश सकाळी ठीक असतो, दुपारी घाम आला की मुलाजवळ बसवत नाही. एकदा असं झालं की सुगंधी पाण्याचा उपयोग नाही. सुती कपडा असेल तर ६० अंशांच्या आसपासच्या गरम पाण्यात भिजवून पुन्हा धुवावा लागतो.

आपल्याकडे बोअरचं पाणी जड. फेस येत नाही म्हणून आपण पावडर वाढवतो. ती नीट निघत नाही, कपड्यातच राहते आणि कपडा चिकट होतो, त्यात मळ धरून राहतो. त्यापेक्षा पावडर बेताची, चिमूटभर धुण्याचा सोडा आणि खळबळून काढायला एक पाणी जास्त. मशीनचं झाकणही धुणं झाल्यावर उघडं ठेवा. दाराच्या रबरात काळी बुरशी धरलेली असेल तर बाकी सगळं व्यर्थ आहे.

वाळवायला मात्र आपल्या घरात एक भारी यंत्र पडून असतं आणि जूनमध्ये आपण त्याच्यावर जुनी चादर टाकून मोकळे होतो. कूलर. टाकी रिकामी करा, पाण्याची मोटर बंद, तिन्ही बाजूंचं गवत काढून टाका (ओलं गवत राहिलं तर वास वाढेल) आणि नुसता पंखा चालवा. खिडकीतला कूलर बाहेरची हवा खेचून आत फेकतो. समोरचं दार किंवा खिडकी उघडी ठेवली की कपड्यांतली दमट हवा तिकडून बाहेर. पाऊस थांबतो त्या तासा-दोन तासांत बाहेरची हवा जरा कोरडी होते, तेव्हा तर हमखास. फक्त पत्र्याच्या कूलरला ओले कपडे टेकू देऊ नका आणि ओल्या हाताने बटण दाबू नका. कूलरचा शॉक आपल्याकडे चेष्टेचा विषय नाही.

दोन कपड्यांत वीतभर अंतर ठेवा. जीन्स उलटी करून टाका. मशीनमध्ये पिळणं दोनदा लावा, पंख्याने जे पाणी दिवसभरात जात नाही ते दहा मिनिटांत जातं.

आता कानबाई, आपल्या खान्देशाची देवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, आणि त्याआधी घर धुऊन-पुसून लख्ख हवं. आमच्या सासूबाईंचा दरवर्षीचा सवाल, "कानबाई येनार शे, आन् घरमा मयेल गोधड्या?" सवाल बरोबर आहे, पण ऐन श्रावणात पाच पदरी गोधडी धुतली की वरून वाळते आणि आतून आठवडाभर ओली राहते. आमच्याकडे तह झाला आहे. गोधड्या आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) उन्हात धुऊन, कडक वाळवून, बांधून ठेवायच्या. श्रावणात चादरी, अभ्रे, पडदे. सासूबाई अजून कुरकुरतात, पण गोधडी नाकाला लावून बघतात आणि गप्प बसतात.

आणि एक गोष्ट, जी कोणी बोलत नाही. बायकांचे आतले कपडे. दोरीच्या पार कोपऱ्यात, वर ओढणी, ओढणीवर टॉवेल. उन्हाळ्यात हे खपून जातं. पावसाळ्यात तीन थरांखाली तो कपडा वाळतच नाही आणि सकाळी तसाच दमट अंगावर चढतो. मग खाज, नायटा, आणि डॉक्टरकडे न जाता मेडिकलवरून आणलेली स्टिरॉइडची ट्यूब, जिने चार दिवस बरं वाटतं आणि मग दुप्पट पसरतं. सगळ्यात जास्त वारा या कपड्यांना हवा. पाहुणे आले तर येऊ देत. घरातल्या पुरुषांच्या बनियनी तर दिवाणखान्याच्या खिडकीत झेंड्यासारख्या फडकत असतात, त्यांची लाज कोणाला वाटत नाही.

घर बांधणाऱ्यांशीही भांडण आहे. प्लॉटवर दोन मजले चढतात, देवघराची दिशा चारदा बदलते, पण धुणं कुठे वाळणार हे नकाशावर कोणी विचारत नाही, कारण नकाशा पास करणारा आणि धुणं वाळत घालणारी ही दोन वेगळी माणसं असतात. बाल्कनी असली तर तिला काच लावून खोली करून टाकतात. पावसाळी वारा आपल्याकडे पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो. गच्चीवर पत्र्याचं शेड टाकणार असाल तर त्या बाजू उघड्या ठेवा, पत्रा दोन हात पुढे काढा म्हणजे झड फारशी आत येणार नाही, आणि तारा वाऱ्याला आडव्या बांधा. बिल्डर म्हणेल, चारही बाजू बंद करून देतो, धूळ येणार नाही. त्याला म्हणावं, तुझं धुणं घेऊन ये आणि आधी इथे वाळवून दाखव.