मेलमार, विश्रामबाग, सांगली

घर बांधून होतं हो कसंबसं, त्याला नाव ठेवताना माणूस टेकीला येतो. आमचं बांधकाम संपलं, नळाचं कनेक्शन आलं, लाईट आली, फक्त गेटजवळच्या ग्रॅनाइटवर काय कोरायचं ते ठरेना, आणि नेमकी तेव्हाच सुट्टीला भाची आली, जी पुण्यात कॉम्प्युटर शिकते असं आमची ताई समजते पण पोरीचं खरं शिक्षण एल्फ लोकांच्या भाषेत चाललंय.

एल्फ म्हणजे टॉल्किन ह्या इंग्रज लेखकाच्या गोष्टींतली एक काल्पनिक जमात. हा बाबा ऑक्सफर्डला प्रोफेसर, 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' छापून आलं १९५४-५५ ला, पण भाषा करायचा नाद त्याच्या कितीतरी आधीचा. एक क्वेन्या, फिनिशच्या प्रेमात पडून केलेली. दुसरी सिंदारिन, वेल्शच्या वळणाची. बरं नुसते शब्द पाडून गप्प बसावं की नाही, तर दोन्हींची एकच आई ठरवली, धातूंची यादी केली, कुठला आवाज कुठं कसा झिजला त्याचे नियम केले. बोलणारा एक माणूस नाही आणि खापरपणजोबापर्यंत सगळा पत्ता लागतोय! आमची वंशावळ आजोबांपाशी अडकलीय.

"मामा, मूळ धातू म्बार, म्हणजे वस्ती करणं. सुरुवातीच्या म्ब चा क्वेन्यात राहतो म आणि सिंदारिनमध्ये ब. आपल्यात हस्तचा हत्थ आणि हत्थचा हात झाला, तसंच नियमात. म्हणून क्वेन्यात घर म्हणजे मार."

"आणि सिंदारिनमध्ये?"

"बार."

शंभर फुटी रोडच्या इतक्या जवळ, गेटवर सोनेरी अक्षरात बार. संध्याकाळी सातनंतर बेल कोण कोण वाजवणार ते लगेच दिसलं मला, निम्मे आमचेच पाहुणे.

मग ती म्हणाली क्वेन्याच घेऊ आणि पुढं मेल लावू, मेल धातू म्हणजे प्रेम, त्यावरनंच मेल्लोन, मित्र. मेलमार. प्रेमाचं घर.

आई भडंग निवडत होती, म्हणजे त्यातले शेंगदाणे. "मेल आन् मार? वास्तुशांतीला गुरुजी तरी येतील का गं?" मग जरा थांबून, "पण मेल्या तर आम्हीबी मायेनंच म्हणतो की."

"आजी, तो योगायोग आहे! आवाज सारखा दिसला म्हणून मूळ एक नसतं." पोरगी खरंच चिडली. मला तिचंच पटलं, कारण गावाच्या नावावरनं पांडवांपर्यंत पोचणारे मामा-काका आमच्यात पोत्यानं आहेत आणि एकालाही मधल्या पायऱ्या विचारायची सोय नाही.

तेवढ्यात पाटीवाल्याचा फोन. "सायेब, मेलमार का मेला मार? काना नक्की सांगा, ग्रॅनाइट खोडता येत न्हाई."

"कृष्णाई घाल आन् मिटव," आईनं निकाल दिला.

भाची हटेना. "चालेल, पण एल्फीत. कृष्ण म्हणजे काळा, काळ्याचा धातू मोर." ह्याच मोर मधनं मॉर्डोर होतं, काळा मुलूख, त्या गोष्टीतल्या सगळ्यात वाईट माणसाचा पत्ता, हे तिनं सांगितलं पण आई तोवर पहिल्याच शब्दावर थांबली होती.

"मोर व्हय? मोर चालंल की. दारात शोभंल."

पाटीवाला आता पिसाऱ्याचे वेगळे पैसे सांगतोय.