किरिनला नखं नसतात

क्योटोच्या तोजी देवळात दर महिन्याच्या २१ तारखेला जुना बाजार भरतो. कोबो दाइशी हे बौद्ध गुरू ८३५ साली २१ तारखेला वारले, म्हणून. त्यांच्या कृपेने परवा मी १८,००० येन घालवून ब्राँझची धूपदाणी घेतली. कोरो म्हणतात तिला. झाकणावर किरिन, म्हणजे तो बिअरच्या बाटलीवरचा शिंगवाला शुभ प्राणी. काळ मेइजी, म्हणजे शंभराहून जास्त वर्षं जुना. (त्या बाजारात काळवंडलेलं सगळंच मेइजी असतं.) १८७६ साली तलवार बाळगायला बंदी आली, तलवारीचा साज घडवणारे बेकार झाले आणि असल्या वस्तू ओतू लागले, हे दुकानदाराने इतक्या कळवळ्याने सांगितलं की घासाघीस करायची मलाच लाज वाटली.

पैसे दिले. नोटा त्याच्या पाकिटात गेल्या आणि शेजारची आजी बोलली.

"ओनीसान, काय घेतलंस?"

"किरिन."

आजी खुदकन हसली. टाचा उंचावून तिने मान जमेल तेवढी ताणली आणि हवेतला पाला चावून दाखवला. जपानीत जिराफही किरिनच. मग धूपदाणी माझ्या हातातून घेतली, प्राण्याचा पंजा चिमटीत धरला आणि नखं मोजली. इचि, नि, सान, शि. "किरिनला खूर असतात. हा शिशी. सिंह."

"पण हे शिंग?"

तिने त्यावरून बोट फिरवलं. "बट आहे. कुरळी."

दुकानदाराला तेवढ्यात कप कागदात गुंडाळायचं फार तातडीचं काम निघालं.

"इंदोहून (म्हणजे भारतातून) आलास ना? तुमच्याकडे तर खरे सिंह असतात."

असतात. माझ्या पासपोर्टवरसुद्धा आहेत. चार, त्यातले तीन दिसतात.

वर, "डासांची कॉइल लावायला बरी आहे" असंही म्हणाली.

पण ही बाई अर्धा तास तिथेच उभी होती! सगळं ऐकत होती. तुळशीबागेत कुठल्याही अनोळखी मावशींनी पाकीट उघडायच्या आत "अहो दादा, फसवतोय तो" म्हटलं असतं, वर दुकानदाराशी भांडल्याही असत्या. इथे मात्र सौजन्य. व्यवहाराच्या मध्ये बोलायचं नाही म्हणे. मग नंतर तरी कशाला बोलायचं?

घरी पुण्याची उदबत्ती लावायला गेलो. जपानी उदबत्तीत काडी नसते, आपलीत बांबू. झाकण बसेना. तुकडे करून राखेत खुपसली. धूर शिशीच्या तोंडातून यायला हवा.

शेपटीखालून येतोय.